दार कोणी बंद केले?



आपल्या इस्लापूर भागात बर्फ पडत नाही. परदेशात गेलेल्या आपल्या मुलांनी पाठवलेल्या फोटोंत आपण बर्फ पाहतो. दारापुढे कमरेएवढा ढीग, मोटारी गाडल्या गेलेल्या, रस्ते गायब. पाहून नवल वाटते. पण घरात अडकून पडणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. वर इसापूर धरणातून पाणी सोडले आणि इकडे पाऊस थांबला नाही की पैनगंगा फुगते. सहस्रकुंडाचे काळे खडक दिसेनासे होतात. ओढ्यांचे पाणी नदीत शिरायला जागा न मिळाल्याने मागे फिरते. फरशी पुलावरून पाणी वाहू लागले की आपण या तीरावर आणि जग त्या तीरावर. तिकडे बर्फ, इकडे पाणी. बाकी फरक काही नाही.

गेल्या काही वर्षांत हे वारंवार घडले आहे. २२ जुलै २०२३ रोजी नदीपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर चाळीसहून अधिक माणसे पुरात अडकली आणि बचाव पथकाला त्यांना बाहेर काढावे लागले. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यात एका रात्रीत पाणी गावात शिरले. रावणगावात दोनशेहून अधिक लोक अडकले, हसनाळमध्ये माणसे दगावली, सैन्याला बोलवावे लागले. त्या बातम्या ऐकताना आपण सगळ्यांनी प्रार्थना केली. परंतु आज आम्हाला मोठ्या पुराविषयी लिहायचे नाही. वर्तमानपत्रात न आलेल्या एका लहान पुराविषयी आणि त्यात आमच्या घराकडून घडलेल्या एका गोष्टीविषयी लिहायचे आहे. गोष्ट लहान आहे, पण तिने आमची झोप उडवली. म्हणून ती तुमच्यापुढे मांडतो.

शुक्रवारी रात्री पाऊस लागला. शनिवारी सकाळी पूल पाण्याखाली होता. वीज रात्रीच गेली होती, दुपारी मोबाईलचेही नेटवर्क गेले. आमचे घर उंचावर आणि स्लॅबचे, त्यामुळे भीती अशी नव्हती. खरे सांगायचे तर शनिवारचा दिवस आम्हाला आवडलाच. शेतावर जायचे नाही, शाळा नाही, टीव्ही नाही. सगळे एका खोलीत. शेंगा भाजल्या, आजीने जुन्या गोष्टी काढल्या, मुले प्रथमच त्या पूर्ण ऐकत बसली. एरवी एका घरात राहून आम्ही एकमेकांना इतका वेळ देत नाही, हे त्या दिवशी कळले.

याच संदर्भात आम्हाला संत स्कोलास्तिका आठवते. तिचा सण १० फेब्रुवारीला असतो. ही संत बेनेडिक्ट यांची बहीण. भाऊ मठात, बहीणही व्रतस्थ. दोघे वर्षातून एकदाच भेटत. पोप संत ग्रेगरी यांनी लिहून ठेवलेली कथा अशी, की शेवटच्या भेटीत संध्याकाळ झाली तेव्हा बहिणीने भावाला रात्रभर थांबून देवाविषयी बोलत बसण्याची विनंती केली. भाऊ नियमाचा पक्का. मठाबाहेर रात्र काढायची नाही म्हणून तो उठला. तिने मान खाली घालून प्रार्थना केली आणि स्वच्छ आकाशातून असे वादळ फुटले की कोणालाही दाराबाहेर पाऊल टाकता येईना. भाऊ रागावला, हे काय केलेस म्हणाला. तिचे उत्तर साधे होते: तुला विनवले, तू ऐकले नाहीस, देवाला विनवले, त्याने ऐकले. रात्रभर दोघे बोलत बसले. तीन दिवसांनी ती देवाघरी गेली. ग्रेगरी म्हणतात, त्या रात्री बहिणीचे पारडे जड ठरले, कारण तिचे प्रेम अधिक होते.

म्हणजे वादळ कधी कधी देणगीही असते. देव कधी कधी आपले पाय बांधतो, तेव्हाच आपण शेजारी बसलेल्या माणसाकडे बघतो. हे खरे आहे आणि आम्ही ते त्या शनिवारी अनुभवले. पण हे अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे त्याच संध्याकाळी आमच्या दारात आले.

ओढ्याच्या काठी, आमच्याच बाजूला, काही कुडाची आणि पत्र्याची घरे आहेत. दुपारपर्यंत तिथे गुडघाभर पाणी होते. तिथली तीन कुटुंबे वरच्या अंगाला एका घरात दाटीवाटीने थांबली होती. त्यातल्या एक मावशी डोक्यावर खताचे पोते घेऊन भिजत आल्या आणि ओसरीखाली उभ्या राहिल्या.

"ताई, जरा पीठ असंल तर द्या की. समदं भिजलं बघा. लेकरं सकाळधरनं भुकेली हायेत."

आमच्या डब्यात ज्वारीचे पीठ होते. डबा अर्ध्याहून थोडा अधिक भरलेला. सहा माणसांना चारपाच दिवस पुरले असते. कोठीत गहू होता, पण वीज नाही म्हणजे गिरणी बंद. गहू असून नसल्यासारखा. पूल कधी उघडेल कोणी सांगू शकत नव्हते. हा सगळा हिशेब घरातल्या प्रत्येकाच्या मनात एका क्षणात होऊन गेला आणि घरातून उत्तर गेले, "मावशी, आमचंही संपतच आलंय हो." दोन वाट्या पीठ त्यांच्या पदरात टाकले गेले. मावशींनी "देव भलं करो" म्हटले आणि त्या पावसात निघून गेल्या. आम्ही दार लावले. गार वारा येत होता, म्हणून कडीही घातली.

त्या रात्री कोणी काही बोलले नाही. कोणी चूक केली असे कोणाला वाटतही नव्हते. आपल्या मुलाबाळांची, म्हाताऱ्या माणसांची काळजी घेणे हेच आपले पहिले कर्तव्य नव्हे काय? संत पौल तीमथ्याला लिहिताना याविषयी फार कडक बोलतो. जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने श्रद्धाच सोडली असे तो मानतो. मग आम्ही काय वावगे केले?

दुसऱ्या दिवशी रविवार. मंदिरात जाणे शक्यच नव्हते. घरात प्रश्न निघाला, मिस्सा चुकली तर पाप लागते का? नाही लागत. अशक्य गोष्टीचे बंधन ख्रिस्तसभा कोणावर घालत नाही. गंभीर कारणामुळे मिस्सेला जाता येत नसेल तर घरी, कुटुंबासह किंवा जमेल तर काही कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत वेळ घालवावा, अशी तिची शिफारस आहे. करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी ते केले. २७ मार्च २०२० च्या संध्याकाळी दिवंगत पोप फ्रान्सिस रिकाम्या चौकात, पावसात, एकटे उभे राहिले आणि वादळात सापडलेल्या नावेचे शुभवर्तमान त्यांनी जगापुढे ठेवले. आपण सगळे एकाच नावेत आहोत, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. तेव्हा घराघरांतून आपण मान डोलावली होती.

तसेच आम्ही त्या रविवारी समईभोवती बसलो. वाचन झाले, मग प्रभूने शिकवलेली प्रार्थना. भाकरीच्या ओळीपाशी आजी थांबली. पुढे म्हणेना. आम्हाला वाटले तिला धाप लागली. ती हळूच म्हणाली, "ही 'आम्हाला' म्हणायची प्रार्थना आहे. काल आपण 'मला' म्हटलं."

बंधुभगिनींनो, ही प्रार्थना आपण दिवसातून किती वेळा म्हणतो? तीत भाकर मागितली आहे ती आजच्या दिवसापुरती, आणि मागणारा एकटा नाही. त्या 'आम्ही'मध्ये कोण कोण येते, ते ठरवायचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. पत्र्याच्या घरातल्या मावशी त्यात होत्या. आम्ही त्यांना बाहेर काढले आणि तरी प्रार्थना म्हणायला बसलो.

आता प्रश्न असा, की आमची चूक नेमकी कोणती? दोन वाट्याच पीठ दिले ही? यावर आम्ही बराच विचार केला. तेराव्या शतकातले संत थॉमस अॅक्वायनस या बाबतीत फार समतोल बोलतात. एका बाजूला ते म्हणतात, की ज्याच्यावाचून आपण आणि आपल्यावर अवलंबून असलेली माणसे जगूच शकणार नाहीत, ते देऊन टाकण्याची सक्ती कोणावर नाही. दुसऱ्या बाजूला ते म्हणतात, की आपल्या गरजेपलीकडचे जे असते त्यावर गरजवंताचा हक्क असतो; आणि गरज उघड व निकडीची असेल तर ती भागवण्यासाठी सर्व वस्तू जणू सामाईक होतात. म्हणजे सगळा प्रश्न एका शब्दावर येऊन ठेपतो: गरज. आमची गरज किती होती?

इथेच आम्ही फसलो. डब्यात पीठ चार दिवसांचे होते आणि भीती दहा दिवसांची होती. पूल आठवडाभर उघडला नाही तर? वीज पंधरा दिवस आली नाही तर? भीती मोजायला बसली की कोणताही डबा भरलेला दिसत नाही. मावशींची गरज मात्र दहा दिवसांनंतरची नव्हती. त्यांची लेकरे तेव्हाच उपाशी होती. आम्ही आमच्या उद्याच्या भीतीला 'गरज' म्हटले आणि त्यांच्या आजच्या भुकेला दोन वाट्या.

त्याहून मोठी चूक म्हणजे आम्ही खोटे बोललो. राजांच्या पहिल्या पुस्तकातली सारफथची विधवा आठवा. दुष्काळ होता. एलिया संदेष्ट्याने तिच्याकडे भाकर मागितली. तिनेही हिशेब केला, पण जे होते ते सरळ सांगितले: मडक्यात मूठभर पीठ, कुपीत थोडे तेल, माझे आणि माझ्या मुलाचे हे शेवटचे जेवण. एवढे खरे बोलून मग तिने त्यातले दिले. पीठ सरले नाही, तेल आटले नाही, हा चमत्कार आपण लहानपणापासून ऐकतो. पण चमत्काराच्या आधी ते खरे बोलणे आहे, याकडे आमचे कधी लक्ष गेले नव्हते. आम्हीही म्हणू शकलो असतो, "मावशी, चार दिवसांचं पीठ आहे, आम्ही सहा माणसं आहोत, बसा, बघू कसं पुरवता येतं." मग कदाचित तीन वाट्या दिल्या असत्या, कदाचित सगळ्यांसाठी एकत्र कण्या शिजवल्या असत्या, आमच्या गव्हाच्या घुगऱ्या झाल्या असत्या. जात्यावर दळता आले असते. आमच्या घरात नाही, पण त्या तीन कुटुंबांत कोणाकडे जाते असेलच. हे काहीच आम्हाला सुचले नाही, कारण खोटे बोलले की पुढचे बोलणे संपते.

पवित्र शास्त्रात बंद दारे अनेक आहेत. नोहा तारवात गेला तेव्हा दार परमेश्वराने स्वतः बंद केले. त्यात नोहाचा दोष नव्हता. आत सुरक्षित असणे हीसुद्धा देवाचीच इच्छा होती. पुनरुत्थानाच्या संध्याकाळी शिष्यांनी दारे लावून घेतली ती भीतीपोटी. प्रभू तरीही आत आला आणि त्याने त्यांना शांती दिली, पण तिथे बसून राहा असे सांगितले नाही, बाहेर पाठवले. आणि लूकच्या शुभवर्तमानात तो मध्यरात्रीचा शेजारी आहे. मित्र भाकरी मागतो आणि हा आतून सांगतो, की दार लावले आहे, मुले झोपली आहेत. त्याचे कारण खोटे नाही. मुले खरेच झोपली असतील. तरी ते कारण ऐकताना आपल्याला कसेतरी होते, कारण ते आपले कारण आहे.

पूर आमच्या रस्त्यावरचे दार बंद करतो. ते आमच्या हातात नाही आणि त्याबद्दल देव आम्हाला जाब विचारणार नाही. पण कडी आम्ही आतून घातली. ती आमची.

करोनाच्या टाळेबंदीतही असेच झाले. घरी थांबा, हे सांगणे योग्यच होते. त्याने जीव वाचले. पण ज्यांना घरच नव्हते, त्यांनी कुठे थांबायचे? ८ मे २०२० च्या पहाटे आपल्याच मराठवाड्यात, करमाडजवळ, जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर थकून रेल्वेच्या रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या विखुरलेल्या होत्या. ते छायाचित्र आपण पाहिले आहे. घरात बसणे ही कोणाची तपश्चर्या असते, कोणाची सुट्टी असते आणि कोणाला परवडतच नाही. म्हणून आपल्या स्लॅबखाली बसून पावसाला देवाची देणगी म्हणण्याआधी, पत्र्याखाली तो काय आहे हे विचारले पाहिजे. स्कोलास्तिकेच्या वादळाने कोणाला उपाशी ठेवले नव्हते.

उलट उदाहरणेही आहेत. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती अनोळखी लोकांनी आपली दारे उघडली, चहा-बिस्किटे वाटली, रात्रभर परक्या माणसांना घरात ठेवले. आणि डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरावर बर्फाचे भयंकर वादळ आले. अनेक माणसे गारठून गेली. तिथे दक्षिण कोरियाच्या पर्यटकांची गाडी एका घरासमोर रुतली. त्यांनी दार वाजवून फक्त फावडे मागितले. घरातल्या दांपत्याने बाहेर पाहिले, गाडी निघणार नाही हे ओळखले आणि चालकासह दहाही जणांना आत घेतले. दोन रात्री ते तिथे राहिले, पाहुण्यांनी आपल्या पद्धतीचा स्वयंपाक केला आणि नाताळच्या दिवशी ते निघाले. वादळाच्या बातमीमुळे त्या दांपत्याने सामान भरून ठेवले होते, तसेच जसे आम्ही कोठी भरून ठेवतो. त्यांनी भरले आणि वाटले. आम्ही भरले आणि झाकले.

आता पुढची हकीकत. प्रार्थना झाल्यावर आम्ही घमेल्यात पीठ काढले आणि पावसातच त्या घराकडे गेलो. तिथे कोणी नव्हते. सकाळीच गावातल्या मुलांनी शाळेच्या खोल्या उघडून त्या सगळ्यांना तिकडे नेले होते आणि कोणी तांदूळ, कोणी डाळ आणून खिचडी शिजत होती. शाळेत गेलो, तर आमच्या पिठाची तशी गरज उरली नव्हती. "असू द्या, घरी लागंल तुमाला," असे प्रेमाने सांगून त्यांनी थोडेच घेतले. सोमवारी संध्याकाळी पाणी उतरले. पंधरा दिवसांनी डबा पाहिला, तर ओलाव्याने उरलेल्या पिठाला जाळी लागली होती. रानात इस्राएल लोकांनी दुसऱ्या दिवसासाठी साठवलेल्या मान्नाचे काय झाले, ते वाचले होतेच. यंदा ते आमच्या स्वयंपाकघरात पाहिले.

पुढे बाजारात मावशी भेटल्या. आम्ही नजर चुकवणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली आणि विचारले, "काय म्हणता ताई, तुमच्या घरात तर नाही ना शिरलं पाणी?" त्यांच्या मनात काही नव्हते. आमच्या मनात होते.

बंधुभगिनींनो, पावसाळा दरवर्षी येणार आहे. तो येण्याआधी आपल्या धर्मग्रामात काही गोष्टी करता येतील. आपल्या वस्तीत कोणाच्या घरात आधी पाणी शिरते, कोणाचे घर उंचावर आहे, कोणाला रोजचे औषध लागते, कोण बाळंतीण आहे, कोण एकटे म्हातारे आहे, याची माहिती जूनआधीच एकमेकांना असावी; ते आपल्या मंदिरात येणारे असोत वा नसोत. साठा करताना पाचदहा किलो धान्य दुसऱ्याचे म्हणूनच भरावे. दळण आधी करून ठेवावे. ज्याने ते आधीच दुसऱ्याच्या नावाने बाजूला काढले, त्याला आयत्या वेळी भीतीशी वाद घालावा लागत नाही.

आणि आमचे? आम्ही हे सगळे पाप-संस्कारात सांगितले, क्षमा मिळाली. परंतु मावशींना अजून सांगितलेले नाही. पीठ संपत आले नव्हते, हे वाक्य जिभेवर येते आणि परत जाते. मावशी आपल्या मंदिरात येत नाहीत, हे पत्रक त्यांच्या हाती पडणार नाही. म्हणून इथे लिहून आमची सुटका होत नाही. ते त्यांच्या ओसरीवर जाऊनच सांगावे लागेल. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही जाणार आहोत. आमच्यासाठी प्रार्थना करा.